सोळा ऑगस्टची झोप

आमच्या बेटावरून जी मंडळी मेलबर्नला गेली, त्या सगळ्यांचा एक ठाम समज आहे: आपण निघालो आणि मागे राहिलेल्यांना वेड लागलं. त्यांना तरी काय दोष द्यायचा? बहात्तर सालापर्यंत वरच्या गावात फोन एकच होता, थेमेलीनाच्या किराणा दुकानात, साबणाच्या खोक्यांवर ठेवलेला. तिकडे मोटारींच्या कारखान्यात दुपारपाळी सुटायची रात्री अकराला. माणसं तोंड धुऊन, कोणाच्या तरी घरी जाऊन फोन लावायची तोवर साडेअकरा. म्हणजे इकडे दुपारचे साडेतीन. आणि दुपारी साडेतीनला आपलं गाव कसं असतं, हे ती दोन वर्षांत साफ विसरलेली असायची.

दोनच्या ठोक्याला आमच्याकडे दारं-झडपा बंद होतात. साडेपाचपर्यंत जो जागा असेल तो एक तर परदेशी पाहुणा, नाही तर आजारी. त्या वेळात कोणी खिळा ठोकला तरी हवालदार उठून दंड लावतो, आणि झोपमोड झाली म्हणून शिव्या देतो त्या वेगळ्या. अशा वेळी फोन वाजायचा. आधी थेमेलीना उठायची. ते सोपं नव्हतं, बाई वजनानेही भारी आणि झोपेनेही. मग धापा टाकत चढ चढून ती कोणाच्या तरी झडपेवर थापा मारायची, "मेलबर्न! अगं ऊठ, मेलबर्न!" आतलं माणूस उठायचं, पण उठायचं ते नुसतं शरीर. ते शरीर अनवाणी उतारावरून धावत यायचं, फोन कधी सुलटा कधी उलटा कानाला लावायचं आणि सात वर्षांनी आईचा आवाज ऐकणाऱ्या मुलाला म्हणायचं, "दूध नको आज."

फोन मिळायचा तीन मिनिटांचा; म्हातारा कोझ्मास आपल्या थोरल्याला एक्स्चेंजवाला समजून तिन्ही मिनिटं त्याच्याशी भांडला. विधवा आर्खोंडूने मुलाला चार वेळा "जेवलास का?" विचारलं आणि दोन मिनिटं शिल्लक असताना फोन ठेवून घरी जाऊन झोपली. वासिलिकीने तर "हो, हो, बरं" म्हणत मुलीचं लग्न एका कोण कुठल्या माणसाशी ठरवून टाकलं. तिला खरी जाग आली ती पोस्टाने लग्नाचा फोटो आला तेव्हा. झोपेतलं माणूस वाद घालत नाही, हो म्हणून मोकळं होतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तरी फोनसाठी म्हणून दुपारची झोप कोणी सोडली नाही. लेकरं गेली ती गेली, आता झोपही घालवायची का?

सेवास्तीचं तसं नव्हतं. तिला झोप सोडायची नव्हती याचं कारण वेगळं होतं, आणि ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

सेवास्ती तेव्हा, बहात्तर साली, त्रेचाळीस वर्षांची. तिचा नवरा निकितास होड्या बांधणारा सुतार, हात असा की त्याने बसवलेल्या दोन फळ्यांमधून पाणी काय, हवा जायची नाही. समुद्राच्या तळातून स्पंज काढायला जाणाऱ्या होड्या कमी झाल्या, मालकाने होड्यांचा कारखाना बंद केला, आणि निकितास दोन वर्षांसाठी म्हणून मेलबर्नला गेला. त्या दोन वर्षांना आता नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. त्याची आई मारूका आंधळी, तिला बोटीत कोण घालणार, म्हणून सेवास्ती मागे राहिली. धक्क्यावर चारचौघांत रडायचं नाही म्हणून ती खेकसली, "जा आता. इथे माझं तोंड बघत बसून पोट भरणार आहे का?" तो गेला. तोही असा मानी की ते वाक्य त्याने जपून बरोबर नेलं. त्यानंतर नऊ वर्षांत त्याने "येऊ का" विचारलं नाही आणि हिने "ये" म्हटलं नाही. पत्रं यायची: मी ठीक आहे, तू ठीक असशील. पत्रं जायची: आम्ही ठीक आहोत, तू ठीक असशील. दोघंही एका माळेचे मणी. अशांना देवाने एकमेकांपासून दूर ठेवूच नये, जवळ ठेवून भांडू द्यावं.

आता ते कारण. दुपारच्या झोपेतून उठलं की चार-पाच मिनिटं माणसाला काही कळत नाही. सकाळ आहे की संध्याकाळ, वार कोणता, आपलं वय काय. जीभ जड, हात दुसऱ्याचे. इतरांना त्या मिनिटांचा वैताग येतो, तोंडावर पाणी मारून ते ती संपवतात. सेवास्तीच्या त्या मिनिटांत मात्र निकितास गेलेला नसायचा. तो खाली धक्क्याजवळ कामावर असायचा, नाही तर अंगणात पाय धूत असायचा. तिला तो दिसायचा वगैरे नाही. तो आहे हे नुसतं ठाऊक असायचं, जसं आपल्याला घराला छप्पर आहे हे ठाऊक असतं. मग हळूहळू एकेक गोष्ट जागेवर यायची. कपाटावरची बॅग नाही. खुंटीवर कोट नाही. सासूबाईंची खोली. मग वर्ष. सगळ्यात शेवटी मेलबर्न. नऊ वर्षं ती रोज दुपारी त्या चार मिनिटांसाठी झोपत होती, आणि उठल्यावर मुद्दाम पाण्याला हात लावत नव्हती.

फेब्रुवारीत मारूका गेली. जुलैच्या शेवटी निकितासचं पत्र आलं, आणि पहिल्यांदाच त्यात "ठीक आहे"च्या पुढे काही होतं. आई गेली, आता तुला तिथे अडवणारं कोणी नाही. इथे एक लहान घर बघितलंय, ऑगस्ट संपायच्या आत कागदांवर सही करायची आहे. तू येणार असशील तर सही करतो आणि तुझं तिकीट काढतो. सोळा ऑगस्टला फोन करीन. हो की नाही एवढं सांग. पुन्हा विचारणार नाही.

सेवास्तीने पत्र चार वेळा वाचलं. तिला हो म्हणायचं नव्हतं. समुद्राशिवाय, अंजिराच्या झाडाशिवाय, जिथे कोणाला तिच्या आईचं नाव माहीत नाही अशा ठिकाणी जाऊन ती काय करणार होती? आणि नाहीही म्हणायचं नव्हतं, कारण नाही म्हटलं की हा माणूस खरंच पुन्हा विचारणार नाही, हे ती ओळखून होती. तिला तिसरंच काही म्हणायचं होतं, जे त्याने विचारलंच नव्हतं: तू ये. पत्रात लिहावं तर पत्राला तीन आठवडे लागणार, त्याआधी फोनच येऊन जाणार. तेव्हा बोलायलाच हवं होतं. चुलीशी, विहिरीशी, सासूबाईंच्या रिकाम्या खाटेशी उभी राहून ती तालीम करू लागली. "माझं येणं व्हायचं नाही, निकितास. तूच ये." पहिलं वाक्य सरळ निघायचं. दुसऱ्याला दर वेळी आवाज फुटायचा नाही.

आणि फोनसाठी दिवस निवडला तोही कोणता! पंधरा ऑगस्टला मेरीमातेचा सण. त्याआधी पंधरा दिवस गावाने मांस, दूध, अंडं तोंडात घातलेलं नसतं. सणाच्या संध्याकाळी देवळाच्या आवारात बोकड शिजतात, पहाटेपर्यंत नाच, आणि सोळा तारखेला दुपारी उरलेलं मटण बटाटे घालून प्रत्येक घरी. त्या दुपारची झोप ही वर्षातली सगळ्यात गाढ झोप. त्या दिवशी घर पेटलं तरी आमची माणसं कूस बदलतील. निकितास हे विसरला होता, आणि सगळ्यात जास्त सेवास्तीला तेच लागलं. त्याला सोळा तारीख म्हणजे नुसती सोळा तारीख वाटली होती.

ती आदल्या रात्री देवळात वाढायला उभी होती, घरी आली तेव्हा उजाडत होतं. दुपारी तिने ठरवून थोडंच खाल्लं, तरी खाल्लंच. दोन वाजले. खाटेकडे पाहायचं नाही असं ठरवून ती लादी पुसायला लागली. लादी झाली. मग अंगणात सतरंजी टांगून झाडूने बडवायला लागली. तिसऱ्या फटक्याला शेजारची झडप उघडली आणि हवालदाराचं डोकं बाहेर आलं.

"सेवास्ती! काय चाललंय काय? सतरंजीचा जीव घेतेस का माझा?"

"धूळ आहे हो."

"धूळ साडेपाचपर्यंत पळून जाते का कुठे? पड गप. आणखी एक फटका ऐकू आला तर दंड लावीन, आणि वर तुझ्या दारात येऊन झोपीन."

झडप बंद झाली. थेमेलीनाच्या दुकानात जाऊन फोनजवळ बसायचं तिच्या मनात आलं होतं. पण तिथे बसणं म्हणजे नवऱ्याच्या फोनची वाट बघत बसणं, आणि संध्याकाळपर्यंत ते खालच्या बंदरापर्यंत पोचलं असतं. थेमेलीनाच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून ती झाडू हातात घेऊन उंबऱ्यावर बसली. दगड टोचत होता, ते बरंच होतं. पायांवर ऊन होतं. तिने वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं. माझं येणं व्हायचं नाही. माझं येणं. झाडावरचे किडे एका सुरात किरकिरत होते. तीन वाजेपर्यंत ती जागी होती, याबद्दल ती आजही शपथ घ्यायला तयार आहे.

त्यानंतरचं तिला जे आठवतं ते असं. कोणीतरी खांदा हलवत होतं. उतारावरचे दगड पायांखालून जात होते, पाय कोणाचे ते माहीत नाही. साबणाचा वास. कानाला काहीतरी गार. खूप लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा ओळखीचा आवाज, आणि त्या आवाजाने तिला कुठलंही आश्चर्य वाटलं नाही. ती काहीतरी बोलली. छान वाटत होतं. एवढंच.

ती खरी जागी झाली ती चौकातल्या नळाजवळ. उजव्या हातात झाडू होता. डाव्या पायात स्वतःची चप्पल, उजव्या पायात थेमेलीनाची. एकेक गोष्ट जागेवर यायला लागली, आणि सगळ्यात शेवटी फोन आला. ती पळत दुकानात गेली. फोन साबणाच्या खोक्यावर नीट ठेवलेला होता. थेमेलीना मागच्या खाटेवर आडवी झाली होती.

"मावशी! मावशी, उठा. मी काय बोलले?"

"कोणाशी?"

"निकितासशी! फोन आला होता ना आत्ता?"

"आला होता की." थेमेलीनाने एक डोळा उघडला. "मीच नाही का तुला घेऊन आले. तुझ्यापायी माझी चप्पल गेली."

"पण मी बोलले काय त्याच्याशी? हो म्हणाले? नाही म्हणाले?"

"अगं बाई, तू उभी झोपेत, मी बसली झोपेत. मला काय विचारतेस? रागावत होतीस बहुतेक कोणाला तरी. का लाडात होतीस? मटणाचं काहीतरी होतं." तिने डोळा मिटला. "काळजी करू नकोस. झोपेत माणूस होच म्हणतो."

हेच तर सेवास्तीला ऐकायचं नव्हतं.

संध्याकाळी नळावर बायकांनी तिची भरपूर काळजी वाहिली, म्हणजे मजा घेतली. वासिलिकी म्हणाली, "आता तिकीटच येईल बघ. मला फोटो आला तसं." आर्खोंडू म्हणाली, "बरंच झालं. नवऱ्याजवळ जाशील. मी तुझी कोंबडी सांभाळीन." सेवास्ती हसली आणि घागर अर्धी भरूनच घरी आली. घरी आल्यावर ती रडली. नऊ वर्षांत एक वाक्य बोलायचं होतं, एकच, आणि तेवढी तीन मिनिटं ती झोपेत देऊन आली होती. आता तो सही करणार, किंवा कधीच काही विचारणार नाही. दोन्हीपैकी काय, हेही तिला माहीत नव्हतं. स्वतःच्या तोंडून गेलेला शब्द दुसऱ्या माणसाकडे आहे आणि आपल्याकडे नाही, याहून वाईट काय असतं?

निकितासला उलट फोन करता येत नव्हता. तो कुठल्याशा ओळखीच्या माणसाच्या घरून करायचा, नंबर त्याने कधी दिला नव्हता. तिसऱ्या दिवशी ती खाली बंदरावर तारेच्या ऑफिसात गेली. पोलिदोरस तारमास्तरने कागद पुढे सरकवला. तिने तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. "ये" लिहावं, तर झोपेत हो म्हटलं असेल आणि तिकीट काढलं असेल तर? "येत नाही" लिहावं, तर झोपेत आपण काही भलतंच तोडून बोललो असू तर? शेवटी तिने जे खरं होतं तेच लिहिलं. पोलिदोरसने चष्मा वर करून वाचलं.

"मी काय बोलले ते कळव." त्याने पुन्हा वाचलं. "एवढंच?"

"एवढंच."

"ऑस्ट्रेलियाला?"

"हो."

"वहिनी, पंचवीस वर्षं मी इथे बसतोय. जन्म पाठवले, मरणं पाठवली. पण स्वतः काय बोललो ते नवऱ्याला विचारणारी तार..."

"तुम्ही पाठवा हो. दुपारी फोन घ्यायला लागतो का तुम्हाला कधी? मग कळेल."

तार गेली. पुढचे दिवस सेवास्ती दुपारी झोपली नाही. आता गावाने काय म्हणायचं ते म्हणो, ती दोन वाजता थेमेलीनाच्या दुकानात जाऊन वाटाण्याच्या पोत्यावर बसायची. थेमेलीना मागे घोरायची. बाहेर सगळं गाव पांढरं, बंद, एक मांजरसुद्धा हलत नाही. सेवास्तीला जन्मात ठाऊक नव्हतं की आपल्या गावाची दुपार इतकी मोठी असते. ती बसून विचार करायची की हाच तास तिथे त्याचा रात्रीचा. तो पाळीवरून येतो, जागा असतो, त्याच्या भोवतीचंही सगळं झोपलेलं असतं. नऊ वर्षं रोज या वेळी तो एकटा जागा होता आणि आपण झोपलेलो होतो. हे तिला कधी सुचलंच नव्हतं.

आणि झोप नाही म्हणून ती चार मिनिटंही नाहीत. सबंध आठवडा निकितास एकदाही घरात नव्हता. एक दिवस तिने उंबऱ्यावर उभं राहून मुद्दाम डोळे मिटून पाहिलं, पाय धुण्याचा आवाज आठवून पाहिला. काही झालं नाही. जागेपणी ते होत नसतं. त्याच्या आठवणीने तिचं अंग दुखत होतं, अगदी हाडं दुखावीत तसं, आणि त्यावर करण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्या बुधवारी तीन पस्तीसला फोन वाजला. थेमेलीना कूस बदलेपर्यंत सेवास्तीने उचललासुद्धा.

"सेवास्ती?"

"हो. बोल."

"जागी आहेस?"

"आठवडाभर जागी आहे. सांग, मी काय बोलले? हो म्हणाले का?"

तिकडून खरखर आली. "सहा मिनिटं घेतलीत आज," निकितास म्हणाला. "सांगतो. हो नाही म्हणालीस. नाही असंही नाही म्हणालीस. मी म्हटलं, सेवास्ती, मी बोलतोय. तर म्हणालीस, एवढा उशीर? मटण झाकून ठेवलंय. पाय धुऊन ये, लादी आत्ताच पुसलीय."

सेवास्तीने भिंतीला हात टेकला. "मग?"

"मी म्हटलं, अगं, मी निकितास, मेलबर्नहून. तू म्हणालीस, असू दे. काम काय पळून जातंय का? ये, जरा पड. तुझ्या बाजूला ऊन येतं म्हणून झडप ओढून घेतलीय."

"आणि?"

"आणि काही नाही. मी गप्प राहिलो. तूही. तुझा श्वास ऐकू येत होता. दीड मिनिट मी तो ऐकला, मग लाइन तुटली."

मागचं घोरणं थांबलं होतं. थांबू दे, सेवास्तीला वाटलं, ऐकू दे सगळ्यांना.

"तू मला 'जा' म्हणाली होतीस," निकितास म्हणाला. "नंतर आम्ही ठीक आहोत, आम्ही ठीक आहोत. मला वाटलं, माझ्यावाचून अडत नाही तुझं. त्या दिवशी फोन ठेवला आणि तसाच बसून राहिलो. सही केलेली नाही मी."

"मग निकितास, तू..."

"थांब. आधी ऐक. तू झोपेत ज्याला जेवायला बोलावलंस ना, तो बेचाळीस वर्षांचा होता. डोक्यावर केस होते. दहा बोटं होती."

"म्हणजे?"

"मला आठ आहेत."

तिने तयार केलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली. तिने विचारलं, "कोणती?"

"डाव्या हाताची. करंगळी आणि शेजारचं."

"कधी?"

"सदुसष्टमध्ये."

पाच वर्षं. त्या पाच वर्षांतली पत्रं तिला तोंडपाठ होती. मी ठीक आहे, तू ठीक असशील.

"इथे दुपारी कोणी झोपत नाही," निकितास म्हणाला. "आपली सवय मात्र जाता जात नाही. पाळी तीनची, म्हणून मी जेवून तासभर पडायचो. त्या दिवशी उठलो, अंगावर कपडे चढवले, पत्रा कापायच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिलो, आणि डोळे उघडे असून मला काही कळत नव्हतं. मी घरीच होतो. तू आत भांडी लावत होतीस. आवाज येत होता मला. मी तिकडे कान दिला, तेवढ्यात मशीन खाली आलं."

सेवास्तीच्या मनात आलं, आपल्याला नऊ वर्षं वाटत होतं की ती चार मिनिटं आपली एकटीची आहेत. हा तिथे त्याच मिनिटांत घरी येत होता, रोज, आणि त्या येण्याची किंमत त्याने बोटांनी दिली होती, आणि कळवलं नव्हतं.

"दुखतात?" ती म्हणाली.

"थंडीत. आत्ता आहे इथे थंडी." मग घाईने, "सुतारकाम व्हायचं नाही आता माझ्याने, सेवास्ती. फळी धरता येत नाही. रंधा मारतो एका हाताने, फळी सरकते. म्हणून सांगतोय. झोपेतलं धरू नको. नीट जागी होऊन सांग."

मध्येच एक्स्चेंजवालीचा आवाज आला, सहा मिनिटं होत आली.

सेवास्ती जागी होती. आयुष्यात इतकी जागी ती कधी नव्हती. समोर साबणाची खोकी, वाटाण्याचं पोतं, दारातून दिसणारा पांढरा रस्ता, सगळं जिथल्या तिथे होतं; निकितास घरात नव्हता, तो मेलबर्नला होता, टक्कल पडलेला, आठ बोटांचा, एक्कावन्न वर्षांचा.

"फळी मी धरीन," ती म्हणाली. "तू ये."

"पुन्हा म्हण."

"ये."

तिकडे तो रडत होता की लाइनच तशी होती, कळत नव्हतं. लाइन तुटली तेव्हा ती तिसऱ्यांदा म्हणत होती, आणि तुटल्यावरही काही वेळ म्हणत राहिली.